उत्तम नासणारं तोंड

"आ कर. अजून थोडा. हां, आता बोलू नकोस," असं म्हणत पेगीने डार्लाच्या खालच्या जबड्यातली अर्धी कवळी अलगद उचलून काढली आणि दिव्याखाली धरली.

कवळीच्या उजव्या बाजूला, गुलाबी भागात, दोन छोट्या खिडक्या कोरलेल्या होत्या. एकेका खिडकीत गाईच्या दाताचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा बसवलेला होता. तीन आठवडे ते तुकडे डार्लाच्या तोंडात होते. तिच्याबरोबर जेवले, झोपले, रविवारी चर्चमध्ये जाऊन गाणीसुद्धा म्हणून आले. तोंडात बसवण्याआधी त्या तुकड्यांवर आम्लाने मुद्दाम कीड धरवलेली असे, खडूने टिंब काढावं तशी पांढरी. मग एकावर औषधाचा थेंब घालायचा, दुसऱ्यावर नुसतं पाणी, आणि तीन आठवड्यांनी बघायचं की टिंब भरून आलं की आणखी पोखरलं. टोलिडोच्या त्या दंतसंशोधन केंद्रात वर्षभर हेच चालायचं. त्याला दाढा नसलेली माणसं लागत, आणि नुसती दाढा नसलेली नव्हे, तर ज्यांच्या तोंडात दात पटकन नासतात अशी. केंद्रात अशा तोंडाला चांगलं तोंड म्हणत.

"काय तोंड आहे गं तुझं," पेगी चिमट्याने तुकडा सोडवत म्हणाली. "आणि गेली दोन वर्षं तर नुसतं सोनं. पाण्याचा तुकडा बघ. भुगा झालाय भुगा."

डार्ला दाढांविना रिकाम्या तोंडाने हसली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या कुठल्याही गोष्टीला कुणी सोनं म्हटलं नव्हतं.

डार्ला कोम्ब्सचे आईवडील केंटकीच्या डोंगरातून टोलिडोला गाड्यांच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. तेविसाव्या वर्षी दाढा ठणकायला लागल्या तेव्हा डॉक्टरने सांगितलं की वाचवायच्या तर बऱ्याच खेपा घालाव्या लागतील, काढायच्या तर एक दुपार पुरेल. तिच्याकडे एकच दुपार होती. त्यानंतर चोवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने पोरांना बटाटे वाढले ते ओठ मिटून हसत. मग केंद्राची जाहिरात दिसली. त्यांनी मापाची कवळी करून दिली, फुकट. अट एवढीच की अभ्यास चालू असेल तेव्हा दिवसातून चार वेळा कवळी काढून साखरेच्या पाण्यात बुडवायची आणि परत घालायची. साखर त्या तुकड्यांना लागावी, तिच्या उरलेल्या दातांना नाही, म्हणून हे सगळं तोंडाबाहेर. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा पेला ठेवलेला असायचा आणि बाकीच्या बायका पोरांना सांगायच्या, "थांबा रे, डार्लाचे दात सरबत पितायत."

तिला त्याचं काही वाटत नसे. चौदा वर्षं झाली होती. केंद्रातली माणसं तिला नावाने ओळखत, पेगी तिच्याकडे घेवड्याच्या शेंगा न्यायला येई आणि अलीकडे ख्रिसमसला पेस्टच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या ट्यूबांचं खोकं तिच्या गाडीत ठेवून जाई. निवृत्त झाल्यावर तर केंद्र हेच तिचं जाण्याचं ठिकाण झालं होतं.

कवळी परत बसवून होते न होते तोच मारिसोल आत आली. ती धावत आली होती हे तिच्या श्वासावरून कळत होतं.

मारिसोल किरोगा ही टेक्ससकडची. ज्या औषधाची परीक्षा चालली होती ते तिनेच घडवलेलं. प्रथिनाचे अगदी छोटे तुकडे, एकापुढे एक ओवलेले. डार्लाला समजावं म्हणून तिने एकदा टेबलावर खऱ्या मण्यांची माळ करून दाखवली होती. या टोकाचे मणी किडलेल्या जागेला धरून बसतात, त्या टोकाचे लाळेतला चुना ओढून आणतात आणि दात स्वतःच स्वतःला भरून काढतो. ना मशीन, ना चांदी. पहिली माळ डार्लाच्या तोंडात तासभरही टिकली नाही. तिथल्या जंतूंनी ती कापून फस्त केली. मारिसोलने चौथा मणी बदलला. मग दुसरीकडून कापली गेली. तिने टोकं उलटीपालटी केली, एक मणी वाढवला, दोन काढले. दर वेळी ती डार्लासमोर बसून विचारायची की चव कशी होती, कोरड पडली का, आणि उठताना म्हणायची, "तुमच्या तोंडात टिकली ना, की जगात कुठंही टिकेल." अशा तीस माळा झाल्या. डार्ला तिला आमची माळ म्हणायची आणि मारिसोलने ते कधी दुरुस्त केलं नाही.

"एकतिसावी," मारिसोल म्हणाली. "मागच्या महिन्याचा तुकडा कापून बघितला. भरलाय, डार्ला. तळापर्यंत भरलाय."

दोघींनी एकमेकींचे हात धरले. पेगीने डोळे पुसले. मग डार्लाने तेच विचारलं जे ती डिसेंबरपासून मनात घेऊन फिरत होती.

मॅकेना तिची नात, सात वर्षांची. पोरीची आई शॅनन ट्रक चालवायची, आठवडेच्या आठवडे रस्त्यावर, म्हणून पोर आजीकडे, तिच्या मॅमॉकडे. डिसेंबरात मुलांच्या दंतवैद्याने पोरीच्या डाव्या खालच्या दाढेवर खडूसारखा डाग दाखवला होता. ही दाढ दुधाची नव्हे, नुकतीच आलेली, जन्मभर पुरायची. वरचा थर अजून शाबूत आहे, तो म्हणाला, लेप लावून देतो, एप्रिलमध्ये बघू. थर टिकला तर टिकला, नाहीतर मशीन लावावं लागेल. आणि एकदा मशीन लागलं की ती दाढ पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे त्याने सांगायची गरज नव्हती. डार्लाच्या दाढा तशाच गेल्या होत्या, आधी एक खड्डा, मग मोठा खड्डा, मग ती दुपार.

"तसाच डाग आहे गं," डार्ला म्हणाली. "हुबेहूब. गाईचा दात भरतो तर पोरीचा का नाही भरणार? एक थेंब दे मला."

मारिसोलने हात सोडवून घेतला. वर जेवण आहे, ती म्हणाली, सगळ्यांना बोलावलंय, त्यानंतर बोलू.

जेवण कंपनीचं होतं. सोमवारी एका कंपनीने माळ विकत घेतली होती आणि त्या आनंदात कवळीवाल्यांनाही वर बोलावलं होतं. डार्लासारखे दहाबारा जण होते, कुणी बस चालवणारा, कुणी काचकारखान्यातून निवृत्त झालेला. टेबलावर हॅम होतं, बटाट्याचं सॅलड होतं आणि शेंगदाण्याच्या लोण्याला चॉकलेटात बुडवून केलेले गोळे होते. गोळे दिसताच सगळ्या कवळीवाल्यांनी एकदम घड्याळाकडे पाहिलं. कवळी साखरपाण्यात असेल तेवढ्या वेळेखेरीज गोड खायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन सगळे हसले, आणि तेवढाच वेळ त्या जेवणात मजा आली.

कंपनीचा माणूस तरुण होता. त्याचे दात इतके पांढरे होते की बोलताना डोळे तिकडेच जात. त्याने सगळ्यांचे आभार मानले, केंद्राचा प्रमुख डॉक्टर हॅवरकॅम्प याच्या पाठीवर हात ठेवला आणि भिंतीवर चित्र लावलं. चित्रात एक सोनेरी केसांचा कुत्रा तोंड उघडून बसला होता. माणसांसाठीच्या औषधाला परवानग्या मिळता मिळता वर्षं जातात, तो म्हणाला, कुत्र्यांनी चघळायच्या कांडीला तेवढी दगदग नाही. म्हणून माळ आधी चघळकांडीत येणार. पाठोपाठ मोठ्या माणसांसाठी दात चमकवणारा लेप. लहान मुलांवरचा अभ्यास तूर्त बाजूला ठेवला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅवरकॅम्पही वाजवत होता. मारिसोल ताटाकडे बघत होती.

डार्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभेत उठून बोलणं तिला माहीत नव्हतं, पण ती उठली.

"कुत्र्याच्या दातांना कीड लागते होय?" तिने विचारलं. "आमच्याकडं जन्मभर कुत्री होती. एकाचाही दात किडलेला पाहिला नाही मी."

"फारशी नाही लागत," तो मोकळेपणाने म्हणाला. "पण मालकांना काळजी असते ना."

लोक हसले. त्याला वाटलं आपण प्रसंग छान सांभाळला, आणि सांभाळलाच होता. डार्ला म्हणाली की ती माळ तिच्या तोंडात घडली आहे. तो म्हणाला त्याबद्दल कंपनी ऋणी आहे आणि जाताना प्रत्येकाने आपली भेटपिशवी घ्यायला विसरू नये. पिशवीत एक पेला होता, त्यावर तोच कुत्रा छापलेला. डार्लाने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि ती मारिसोलच्या मागोमाग खाली गेली.

मारिसोलची खोली म्हणजे यंत्रांच्या मधली एक फट होती. तिने स्टूल पुढे केलं. डार्ला बसली नाही.

"थेंब," ती म्हणाली.

"फ्रीजर सोमवारपासून त्यांचा झालाय. किल्ली माझ्याकडं नाही."

"मग परत बनव. तुला काय, एक दिवस पुरेल."

"पुरेल," मारिसोल म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "पण लहान मुलाच्या तोंडात ती कधी घातलेली नाही, डार्ला. काही उलटं झालं तर?"

"माझ्या तोंडात एकतीस घातल्यास. तेव्हा नाही तुला उलटं सुचलं."

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"मग तिच्या वतीनंही मीच हो म्हणतेय."

मारिसोलने स्टूल परत स्वतःकडे ओढलं. ती घाबरली होती. नोकरीला घाबरली होती, कंपनीला घाबरली होती, आणि खरोखर पोरीच्या काळजीनेही घाबरली होती, आणि यातलं कुठलं कुठे संपतं ते तिलाही सांगता आलं नसतं. डार्लाला ते दिसलं आणि त्याचाही राग आला. घाबरायची पाळी नेहमी अशाच माणसांवर येते आणि टाळ्या वाजवायची दुसऱ्यांवर.

शेवटी काहीतरी मदत करावी म्हणून मारिसोल विचारू लागली. पोर खाते काय, पिते काय. डार्लाने सांगितलं की गोड सोडा फक्त रविवारी, रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. पाणी कुठलं? विहिरीचं, आमचं घर शहराच्या नळावर नाही. मग शहरातल्या पाण्यात दातांसाठी जे घालतात ते तुम्हाला मिळत नाही, मारिसोल म्हणाली, म्हणजे सगळी भिस्त पेस्टवर. कुठली पेस्ट वापरते?

"तुमचीच की."

"आमची कुठली?"

"पांढरी ट्यूब. ख्रिसमसला खोकं मिळतं ते. दोन वर्षं झाली, घरात दुसरी पेस्ट आणलेलीच नाही मी."

मारिसोल त्या स्टुलावर स्वतःच बसली.

"काय झालं?"

"डार्ला, त्या पेस्टमध्ये काही नसतं."

"काही नाही म्हणजे?"

"फेस असतो. पुदिन्याचा वास असतो. दात वाचवणारं जे असतं ते मुद्दाम काढलेलं असतं. अभ्यासाच्या दिवसांत तुम्ही बाजारातली पेस्ट वापरलीत तर तुकडा तिनं भरला की माळेनं, ते कळणार नाही ना. म्हणून ही. ही काहीच करू नये म्हणूनच बनवलेली असते."

डार्लाला आधी काही कळल्यासारखं वाटलंच नाही. मग तिला न्हाणीघर आठवलं. पोरीच्या मागे उभं राहून, तिची हनुवटी धरून, वर, खाली, आतून, बाहेरून, शेवटचा दात सुटता कामा नये. ज्या कसोशीने शाळेची भांडी घासली त्याच कसोशीने. शॅनन एकदा दुकानातून गुलाबी पेस्ट घेऊन आली होती, फळांच्या वासाची, तर डार्लाने ती कचऱ्यात टाकली होती आणि लेकीला सुनावलं होतं की बाजारातला कचरा माझ्या घरात नको, आमच्याकडे डॉक्टर लोकांची पेस्ट आहे. शॅनन काही बोलली नव्हती. बिचारी कधीच काही बोलत नसे.

आणि पेगीचं ते सोनं. गेली दोन वर्षं. तोंड सोन्यासारखं चाललं होतं कारण डार्ला अभ्यास नसतानाही तीच पेस्ट वापरत होती. दोन वर्षं ते तिच्या नासण्याचं कौतुक करत होते आणि ती फुलून जात होती.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" तिने विचारलं, अगदी हळू आवाजात.

डार्ला तडक हॅवरकॅम्पच्या खोलीत गेली. मारिसोल पाठोपाठ आली आणि दारात थांबली.

हॅवरकॅम्प काही वाईट माणूस नव्हता. त्याने डार्लाला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. मग समजावून सांगितलं की अभ्यासाच्या पेस्टमध्ये काय नाही हे दर वेळी सहीच्या कागदांत लिहिलेलं असतं, आणि डार्लाने दर वेळी सही केलेली आहे. ट्यूबवरही छापलेलं असतं की मुलांच्या हाती लागू देऊ नये.

"ते तर सगळ्याच बाटल्यांवर छापलेलं असतं, डॉक्टर. खोकल्याच्या औषधावरही असतं."

"खरंय. पण छापलेलं होतं."

"मला तुमचं छापलेलं नकोय. मला तिच्या दाढेसाठी एक थेंब हवाय. तुमच्याकडनं चूक झाली, माझ्याकडनं झाली, कुणाकडनं का होईना. भरून काढायचं औषध तुमच्याच खालच्या मजल्यावर आहे."

औषध आता केंद्राचं नाही, तो म्हणाला, आणि असतं तरी त्याला ते देता आलं नसतं. त्याचा आवाज मऊ होता. अशा मऊ आवाजात आपल्याला आयुष्यभर नाही म्हटलं गेलंय हे डार्लाला तेव्हा जाणवलं. दाढा काढणाऱ्या डॉक्टरचा आवाजही असाच होता.

"पण एक मला समजत नाही, मिसेस कोम्ब्स," तो पेन उचलत म्हणाला. "उरलेल्या ट्यूबा नष्ट करायच्या असतात. त्या बाहेर गेल्या कशा? कुणी दिल्या तुम्हाला?"

दारात मारिसोलच्या मागे पेगी येऊन उभी राहिली होती. दोघींना तडक जाताना पाहून मागोमाग आली असणार. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते.

डार्लाने तिच्याकडे पाहिलं. राग तिच्यावरही होता, भरपूर होता. चौदा वर्षं आपल्या तोंडात बोटं घालणाऱ्या बाईने खोकं देताना एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? पण या टेबलापलीकडच्या माणसाला आता जे हवं होतं ते तिला लख्ख दिसलं. त्याला एक नाव हवं होतं. खालच्या मजल्यावरचं, लहानसं. ते मिळालं की कागद पुरा होणार, पेगी घरी जाणार, बाकी सगळं जागच्या जागी राहणार आणि कुत्र्याची कांडी वेळेवर बाजारात येणार.

"चोरल्या," डार्ला म्हणाली.

"काय?"

"मी चोरल्या. कपाट उघडं होतं. लिहा."

हॅवरकॅम्पच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिने पाहिलं. तिने एवढं मोठं खोटं सांगितलं आणि त्याला ते चुकूनही खोटं वाटलं नाही, याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. असं असेल तर, तो चाचरत म्हणाला, तुम्हाला यापुढे अभ्यासात घेता येणार नाही.

डार्लाने तोंडात बोट घातलं, कवळी काढली आणि त्याच्या कागदांवर ठेवली. ओली होती. कागद भिजला.

"ती तुमचीच आहे, ठेवा," तो घाईघाईने म्हणाला. "खिडक्या बुजवून देऊ आम्ही."

"नको," ती म्हणाली. कवळीशिवाय तिचा शब्द फुसकन निघाला, पण तिने तो परत म्हटला. "नको मला."

पेगी गाड्यांपर्यंत मागे आली. थंडीत कोट न घालता आली. मी चांगल्या मनानं दिल्या गं, ती रडत म्हणत होती, फेकायच्या होत्या, म्हटलं तुझ्या घरात कामी येतील. तू पोरीला देशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"ठाऊक आहे मला," डार्ला म्हणाली. "म्हणून नाव नाही घेतलं. आता माझ्याशी बोलू नकोस."

त्या रात्री तिने न्हाणीघरातल्या आणि फडताळातल्या सगळ्या पांढऱ्या ट्यूबा पिशवीत भरून बाहेर नेऊन टाकल्या. शॅननने आणली होती तीच गुलाबी पेस्ट दुकानातून आणली. मग शॅननला फोन लावला. ती नेब्रास्कात कुठेतरी ट्रक थांबवून होती. डार्लाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही. लेकीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी शॅननने विचारलं, "तू जेवलीस का?" आणि डार्लाने हो म्हणून फोन ठेवला.

पोरीलाही सांगावं लागलं. पेस्ट का बदलली ते तिने विचारलंच. डार्लाने सांगितलं की आधीची खरी नव्हती. मॅकेनाने थोडा विचार केला आणि पेस्टचा फेस करत पुन्हा पुन्हा आरशात पाहत राहिली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. डार्ला रोज रात्री टॉर्च लावून पोरीच्या तोंडात बघायची. कधी वाटायचं डाग लहान झाला, कधी वाटायचं तेवढाच आहे. कवळी नसल्यामुळे ती स्वतः घेवडा शिजवून, कुस्करून, पुढच्या दातांनी खात होती. चर्चमध्ये लोक बघायचे. आधी ती तोंडावर हात धरायची, मग तेही सोडून दिलं. मारिसोलचं एकदा पत्र आलं की ती टेक्ससला परत जातेय. थेंबाबद्दल त्यात काही नव्हतं.

एप्रिलमध्ये दंतवैद्याने सुईच्या टोकाने दाढेवर हलकेच दाबलं आणि टोक आत गेलं. वरचा थर बसला होता. वर्षभर आधी कळलं असतं तर, तो म्हणाला. त्याने सुई दिली, गाल बधिर केला आणि मशीन चालू केलं. मॅकेनाने डार्लाचं बोट घट्ट धरून ठेवलं आणि रडली नाही. डार्लाला ते पाहवत नव्हतं, तरी तिने डोळे मिटले नाहीत. दाढेत खड्डा झाला, तो भरला गेला आणि वरून घासून गुळगुळीत केला. दिसायला छान दिसत होती. डॉक्टर म्हणाला, बरीच वर्षं टिकेल.

बाहेर खिडकीपाशी पोरीला एक चित्र चिकटवायला मिळालं आणि एक पिशवी. पिशवीत नवा ब्रश होता आणि एक छोटी ट्यूब. मॅकेनाने ट्यूब बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली. गाल बधिर असल्यामुळे तिचे शब्द तोंडातच घोळत होते.

"मॅमॉ, ही खरी आहे का?"

डार्लाने ट्यूब हातात घेतली. डॉक्टर पुढच्या मुलाचं नाव पुकारायला बाहेर आला होता. तिने ती त्याच्यासमोर धरली.

"वाचा," ती म्हणाली.

"चांगली आहे हो ही," तो हसून म्हणाला. "आम्ही सगळ्यांना हीच देतो."

"मागचं वाचा. आत काय काय आहे ते. मोठ्यानं वाचा, तिला ऐकू जाईल असं."

दाढा नसलेल्या तोंडातून ते शब्द फसफसत बाहेर पडले आणि बसलेल्या आया वळून बघायला लागल्या. डार्लाने तोंडावर हात नेला नाही. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून ट्यूब उजेडात धरली. अक्षरं फार बारीक होती. त्याने पहिली ओळ वाचली आणि थांबला.

"पुढं," डार्ला म्हणाली.

तो पुढे वाचू लागला. मॅकेना बधिर गालावर हात ठेवून, एकेक नाव लक्ष देऊन ऐकत उभी होती.